बरं झालं, तू कलकत्त्याला गेलास

दौलत,

लोक अजून येतात. दारात चपला काढतात, खुर्चीत टेकतात, "फार वाईट झालं" म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहतात. मी मान हलवतो. तू गेल्याचं दुःख आहेच. ताट वाढताना गिरजा अजून चुकून तुझं पान मांडते आणि मग ते उचलताना भांडी मुद्दाम जोरात आपटते, म्हणजे रडण्याचा आवाज येऊ नये. पण त्या दुःखासोबत मला सुटल्यासारखंही वाटतं, आणि भेटायला आलेल्या माणसाला हे सांगता येत नाही. तुला सांगता येईल. मागच्या थंडीआधी तू गेला असतास, तर मी दाराला कडी लावून बसलो असतो. कोणाशी बोललो नसतो आणि हे लिहायलाही बसलो नसतो.

तुझ्या बहिणीशी, गिरजाशी, लग्न होऊन तुझ्याशी सोयरीक झाली तेव्हा मला पहिली अडचण तुझ्या धंद्याची आली. आमच्याकडचे लोक विचारायचे, "साळा काय करते?"

"गोल्फ खेळते."

"ते झालं गा. पण करते काय?"

मलाही नीट सांगता येत नसे. कामठीच्या छावणीत साहेबांचं गोल्फचं मैदान होतं, तुझे बाबा तिथले माळी. साहेबांच्या काठ्या खांद्यावर वाहता वाहता तू खेळायला शिकलास, आणि पुढे साहेबांनाच शिकवू लागलास. त्याचा पगार मिळे म्हणून तू प्रोफेशनल. साहेब हौसेने खेळत म्हणून ते क्लबात आत बसत. तू पोटासाठी खेळायचास म्हणून तुझा चहा मागच्या शेडमध्ये येई. मला हा प्रकार उलटा वाटे आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. तू म्हणालास, "भाऊजी, मागचा चहा जास्त कडक राह्यते. कायले आत जाता?"

तू भिलाईला आलास तो दिवस मला स्वच्छ आठवतो. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी तेव्हा उभी राहत होती. जिकडे पाहावं तिकडे मुरूम, खड्डे, क्रेन आणि लाल धूळ. गिरजा दिवसातून तीनदा हंडे झाकायची आणि तीनदा त्यातून धूळ काढायची. मी ट्रकच्या काट्यावर नुकताच लागलो होतो. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, मधला फरक लिहायचा, एवढंच माझं काम. दुपारी घरी जेवायला आलो तर ओट्यावर तू बसलेला. बाजूला काठ्यांची पिशवी, हातात तिकीट. तिकीट कामठीचं होतं.

"अरे, हे तं कामठीचं हाय," मी म्हणालो. "पाव रस्ता बाकी हाय तुझा."

"राहू द्या बाकी," तू म्हणालास. "बाबाले तोंड नाही दाखवू शकत मी."

तू कलकत्त्याहून येत होतास. देशभरातल्या प्रोफेशनल लोकांचे सामने होते, आणि तू पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या ठिकाणी खेळला होतास. काय झालं ते तू जेवताना सांगितलंस, आणि ते समजायला मला आधी कामठीचं मैदान समजून घ्यावं लागलं. तिथे पाणी कमी. म्हणून जिथे चेंडू शेवटी भोकात टाकायचा, त्या जागी गवत नसायचं. वाळूत जळकं तेल कालवून एक गोल चौथरा घट्ट बसवलेला असे. साहेब त्याला ब्राऊन म्हणत. वाळूवर पावलांचे ठसे उमटतात आणि चेंडू त्यात अडखळतो. म्हणून तिथली रीत अशी, की चेंडूपासून भोकापर्यंत आधी लाकडी फळी ओढायची, वाट सपाट करायची आणि मग हलका फटका मारायचा. नियमात ते बसत होतं. बाबांनी ती फळी तुझ्या हातात दिली तेव्हा तुला चेंडूही नीट मारता येत नव्हता. त्यांचं सांगणं एकच. आपल्या पायाचे ठसे मागून येणाऱ्यासाठी सोडायचे नाहीत.

कलकत्त्याला ब्राऊन नव्हते. तिथे दाढी केल्यासारखं कापलेलं हिरवं गवत होतं. शेवटच्या दिवशी शेवटच्या भोकापाशी तू एका फटक्याने पुढे होतास. चेंडू इतका जवळ होता की आमच्या गिरजानेही मारला असता. आणि तू काठी उपडी धरलीस, तिचा सपाट भाग गवतावर दाबलास आणि चेंडूपासून भोकापर्यंत सरळ रेघ ओढलीस. फळी नव्हती म्हणून काठीने. गवतावर हे चालत नाही. तिथे चेंडूची वाट अशी दाबून सपाट केली तर दोन फटक्यांचा दंड.

मी घास खाली ठेवला आणि म्हणालो, "पुढे एक, दंड दोन, म्हनजे मागे एक."

गिरजाने माझ्याकडे असं पाहिलं की पुढची भाकरी मी मागितलीच नाही.

मग मी विचारलं, "नियम मालूम नव्हता का तुले?"

"पाठ होता."

"मंग?"

"मले मालूम होता, भाऊजी. हाताले नव्हता."

तू त्या दिवशी एकच गोष्ट मागितलीस. बाबांना खरं कारण सांगायचं नाही. ते म्हणतील, मीच शिकवलं म्हणून पोरगा हरला. पुढे बाबा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी मला अंगणात गाठलंच. "जावईबापू, कावून हारला जी पोरगा?" खोटं मला बोलता येत नाही आणि खरं तू बोलू दिलं नव्हतंस. मी म्हणालो, "मी तितं नव्हतो, मामाजी." हे पूर्ण खरं होतं. बाबांनी चिलीम दगडावर आपटून रिकामी केली. "हात थरथरला असन," ते म्हणाले. "मी तं चांगलंच शिकवलं होतं त्याले." तू नळावर बादली भरत होतास. बादली भरून वाहत होती आणि तू नळ बंद करत नव्हतास. बाबा वारले ते हेच मनात धरून.

नोकरी तुला बागाईत खात्यात लागली. माझ्या ओळखीने लागली असं लोक म्हणायचे. ते चूक आहे. तू स्वतः रांगेत उभा राहिलास, आणि माळ्याचा मुलगा म्हटल्यावर त्यांनी तुला घेतलं. आता नशिबाची थट्टा पाहा. ज्या गवताने तुला हरवलं तेच लावायचं काम तुझ्या वाट्याला आलं. सेक्टर दहामधल्या कितीतरी बंगल्यांपुढची हिरवळ तुझ्या टोळीने लावलेली आहे. दुबीच्या, म्हणजे हरळीच्या, जुड्या आणायच्या, ओळीने लावायच्या, मुळं दाबायची, पाणी द्यायचं. काम तू चोख केलंस. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती गिरजाने सांगितली. हिरवळ एकदा धरली की तू तिच्यावर पाय ठेवत नसायचास. फाटकातून ओट्यापर्यंत सरळ चार ढांगा असल्या तरी तू कडेकडेने विटांवरून फिरून जायचास. "अन् रातची काठी पिशवीतून काढते, पुसते अन् परत ठेवते," गिरजा म्हणाली. "मेलेल्या माणसाचे कपडे पाहावं तसं करते जी तो." तेव्हा मला कळलं की हे प्रकरण एका हरलेल्या सामन्याचं नाही.

रुआबांध्याकडच्या माळावर मैदान झालं ते मेजरसाहेबांमुळे. फौजेतून निवृत्त होऊन ते कारखान्याच्या वसाहतीचं काम पाहायला आले होते. गोल्फवाचून त्यांचा जीव कासावीस झाला होता, आणि बागाईत खात्यात कामठीचा प्रोफेशनल खुरपं घेऊन बसला आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं. ते स्वतः तुझ्याकडे आले. मी तिथेच होतो, तुझा डबा द्यायला आलो होतो.

"दौलत, यहाँ तो घास का तिनका नहीं है. गोल्फ कहाँ खेलेंगे?"

"साहब, घास नहीं है तभी तो खेलेंगे," तू म्हणालास.

शिवनाथ नदीची वाळू आली. आता जळकं तेल हवं होतं. ते कारखान्याच्या गॅरेजमागे पिंपांतून पडलेलं असायचं. तू माझ्यामागे लागलास.

"भाऊजी, फेकूनच देऊन राहिले ते. दोन डबे आणा ना."

"फेकलेलं असो का ठेवलेलं. गेटमधून बाहेर येईन तं गेटपास लागन."

"फेकलेल्या तेलाले गेटपास?"

"फेकलं तं कुठं फेकलं? गेटच्या आत फेकलं. आतलं हाय ते."

तू डोक्याला हात लावलास. गिरजाला म्हणालास, "बाई, तुया नवऱ्याले काट्यावरच जेवाले देत जाय." शेवटी मेजरसाहेबांनी रीतसर कागद काढला, त्याला बरेच दिवस लागले. तेल आलं त्या संध्याकाळी मीही धोतर खोचून वाळू कालवायला उभा राहिलो. हाताचा वास आठवडाभर गेला नाही. पहिला ब्राऊन तयार झाला, तू फळी ओढलीस, चेंडू ठेवलास आणि तो आवाजही न करता भोकात गेला. एक रशियन इंजिनीअर गाडी थांबवून पाहत होता. त्याने दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, ये हॉकी है तो दूसरी टीम कहाँ है?" तू एवढा हसलास की काठी हातातून पडली. कलकत्त्यानंतर मी तुला हसताना ते पहिल्यांदा पाहिलं.

पुढची वर्षं बरी गेली. दिवसा तू बागाईत, संध्याकाळी माळावर. अधिकारी शिकायला येत, कधी फोरमनही येत. तुझ्या हाताखाली शिकलेल्या कोणालाही तू मोठ्याने रागावल्याचं मी ऐकलं नाही. पण फळी न ओढता कोणी ब्राऊनवरून उतरला, तर तू त्याच्यामागून स्वतः जाऊन ओढायचास, आणि तो माणूस शरमून परत यायचा. मेजरसाहेब दर थंडीत विचारायचे, "दौलत, कलकत्ता?" तू म्हणायचास, "नहीं साहब. अपनी रेत अच्छी है."

आपला वाद याच वर्षांतला. तू म्हणायचास, नियम बरोबर असेल, पण त्यात लबाडी कुठे होती ते दाखवा. मी म्हणायचो, लबाडीचा दंड वेगळा आणि नियमाचा वेगळा, हा नियमाचा होता. किती संध्याकाळी यावर गेल्या! एक दिवस तू काट्यावर आलास. पावसाळ्याचे दिवस होते. ट्रकच्या चाकांचा चिखल काट्याच्या लोखंडी पाटीवर सांडत होता, आणि मी खराटा घेऊन झाडत होतो.

"हे काय करून राहिले, भाऊजी?"

"झाडून राहिलो. नाही झाडलं तं पहिल्याचा चिखल दुसऱ्याच्या वजनात धरला जाईन."

तू कंबरेवर हात ठेवून उभा राहिलास. "मंग माझे बाबा काय येगळं सांगत होते?"

"इतं झाडा असाच नियम हाय. तितं नव्हता."

"म्हनजे इतं झाडलं तं इमानदार, अन् तितं झाडलं तं दंड."

"हो."

"अन् मानूस तोच."

"हो."

ड्रायव्हर भोंगा वाजवत होता म्हणून ते तिथेच राहिलं. आपण नंतरही तो धागा बरेचदा उचलला आणि दरवेळी जेवायला हाक आली. तू नाहीस म्हणून मी माझं मत बदलणार नाही, दौलत. दंड बरोबर होता. आणि तुझा हात खोटा नव्हता, हेही बरोबर आहे. पहिली गोष्ट मी तुला रोज सांगितली. दुसरी सांगायची राहिली, कारण मला वाटायचं की ती तुला ठाऊकच आहे.

मग तुला चढावावर दम लागू लागला. लहानपणच्या तापाने हृदयाची झडप खराब झाली आहे, असं डॉक्टर म्हणाले. सपाटीवर सावकाश चालायला हरकत नाही, ओझं उचलायचं नाही, दगदग करायची नाही. बागाईत खात्याने तुला देखरेखीचं काम दिलं. मी माझ्या मनात तुझं वेळापत्रक बसवलं. सकाळी ऊन चढण्याआधी काम, दुपारी झोप, संध्याकाळी माळावर खुर्ची टाकून बसणं. असं केलं तर तू पुष्कळ वर्षं काढशील अशी माझी खात्री होती. आणि नेमक्या त्याच थंडीत मेजरसाहेबांनी सवयीने विचारलं, "दौलत, कलकत्ता?" आणि तू म्हणालास, "चलेंगे, साहब."

त्या संध्याकाळी आपण भांडलो. मी तुला आकडे मांडून दाखवले. सामने चार दिवसांचे, रोजची चाल इतके मैल, वर रेल्वेचा प्रवास, वर जागरण.

"भाऊजी, तुमी मले तोलून राहिले," तू म्हणालास. "मी ट्रक आहो का?"

"ट्रक असता तं पाठवला असता. बिघडला तं दुरुस्त होते."

"अन् इतं बसून मी दुरुस्त होऊन राहिलो का?"

"जिंकशील असं वाटते का तुले?"

"जिंकाले कोन चाललं?" तुझा आवाज एकदम खाली आला. "मले पाहाचं हाय का तो हात थांबते का नाही. नाही पाहिलं तं मी मरतानाबी तेच पाहत राहीन."

मी पुन्हा डॉक्टरांचं नाव काढलं. गिरजा चुलीपाशी होती. ती तव्यावरची भाकरी न उलटता म्हणाली, "जाऊ द्या त्याले. घरी बसूनबी छाती धडधडतेच त्याची. तितं धडधडन तं कायच्या तरी कामी येईन."

भाकरी जळली. मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला, कारण तुला एकट्याला सोडायचं नव्हतं.

कलकत्त्याचं मैदान पाहून मला घाम फुटला. एवढं गवत एका जागी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तुझ्यासोबत मीही मागच्या शेडमध्ये बसलो आणि सांगतो, चहा खरंच कडक होता. तुझ्या वयाचे दोन-तीन जण तुला ओळखत होते. त्यातला एक म्हणाला, "अरे, रेघवाला आला!" मला वाटलं आता तू उठून जाशील. तू त्याला विडी दिलीस आणि म्हणालास, "हाँ भाई, वही."

चार दिवस मी तुझ्यामागे कडेकडेने चाललो. तो खेळ मला शेवटपर्यंत कळला नाही. चेंडू उडाला की तो मला दिसत नसे, सगळे ज्या दिशेने बघत त्या दिशेने मी बघे. पण चेंडू गवतावर भोकाजवळ आला की मी फक्त तुझा हात पाहत होतो. तू उजव्या हातात ओला रुमाल धरून ठेवायचास, फटका मारायच्या क्षणापर्यंत. हाताला काहीतरी काम दिलं की तो दुसरं काम करत नाही, असा तुझा हिशेब होता. पहिल्या दिवशी तो बरोबर निघाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही. दम लागला की तू थांबायचास, आकाशाकडे पाहण्याचं सोंग करायचास आणि पुढे चालायचास. मीही ढगांकडे पाहायचो.

शेवटच्या दिवशी शेवटच्या भोकापाशी आलो, तेव्हा तुझा रुमाल तुझ्याजवळ नव्हता. ज्याने काठ्या वाहिल्या त्याच्या खांद्यावर तो होता आणि तो माणूस लांब उभा होता. माझ्या ध्यानात आलं. तुझ्या आलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. तू चेंडूमागे उकिडवा बसलास, भोकाकडे पाहिलंस, मग उठून दोन पावलं पुढे आलास आणि खाली वाकलास. हात वाटेकडे गेला.

"दौलत! हात!" मी ओरडलो.

फटका मारताना माणसं तिथे श्वासदेखील सांभाळून घेतात. आणि भिलाईच्या काट्यावरचा माणूस, ट्रक मागे घ्यायला ओरडावं तसा ओरडला. झाडावरचे कावळे उडाले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. पांढरी टोपी घातलेला एक गृहस्थ तरातरा माझ्याकडे येऊ लागला. तू वाकलेलाच होतास. मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या दोन बोटांत एक वाळकं पान होतं. दुधातला केस काढावा तसं तू ते अलगद उचललं होतंस, गवताला बोट न लावता.

"भाऊजी," तू तिथूनच म्हणालास, "पान उचलनं चालते."

आणि तू हसलास. आधी हळू, मग मोठ्याने, मग खोकला येईपर्यंत. गवतावर उभा राहून. सोबतचे खेळाडू हसले, टोपीवाला गृहस्थही अर्ध्या वाटेत थांबला, कारण रागवायला त्याच्या समोर कोणी उरलंच नव्हतं. मग तू डोळे पुसलेस, उजवा हात क्षणभर पाठीमागे धरलास, मग काठीवर आणलास आणि फटका मारलास. चेंडू गेला. तेवढा एकच चेंडू मी आत जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

शेडमध्ये तू मला म्हणालास, "अकरावा आलो."

"एकून किती होते?"

"काढा आता टक्केवारी," तू म्हणालास आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस. एवढ्या वर्षांत तू मला कधी हात लावला नव्हतास, भाऊजी म्हणून अंतर ठेवायचास.

परतीच्या गाडीत तू गिरजाने दिलेल्या उरलेल्या दशम्या खाल्ल्यास, चटणी संपली म्हणून कुरकूर केलीस आणि बाकावर आडवा झालास. बिलासपूरनंतर जाग आली तेव्हा म्हणालास, "आता बाबाले सांगता आलं असतं, कावून हारलो तं. आता ते हासन्यासारखं झालं." मी म्हणालो, "मामाजी हसले नसते. म्हनाले असते, रेघ सरळ होती का?" तू पुन्हा हसायला लागलास. समोरच्या बाकावरच्या बाईने तिच्या नवऱ्याला विचारलं की या दोघांना काय झालं आहे.

त्यानंतर थंडी होती आणि उन्हाळ्याची सुरुवात. एवढंच मिळालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या प्रवासाने तुझं आयुष्य कमी झालं की नाही, हे कोणीच सांगू शकणार नाही. मी आकड्यांचा माणूस आहे. तो आकडा मी स्वतःशी अनेकदा मांडून पाहिला. समज, तू कलकत्त्याला गेला नसतास तर अजून काही वर्षं जगला असतास. ती वर्षं तू विटांवरून कडेकडेने चालत काढली असतीस. जे थोडे महिने मिळाले त्यांत तू सेक्टर दहामधल्या हिरवळींवर चप्पल काढून चाललास. शिकायला येणाऱ्यांना कलकत्त्याची गोष्ट स्वतः सांगू लागलास, दोन्ही वेळची, माझ्या ओरडण्यासकट. माझ्या ओरडण्याची तू नक्कल करायचास, ती मला आवडत नसे. आता सांगतो, नक्कल बरी होती.

त्या सकाळी गिरजाने तुला चहा दिला. तू पिऊन कप खाली ठेवलास. "बाई, साखर कमी हाय आज," म्हणालास, आणि भिंतीला टेकलास. ती साखर घेऊन आली तेव्हा तू गेला होतास. तोंडावर काही त्रास नव्हता, झोप लागल्यासारखा होतास. गिरजा त्या साखरेसाठी अजून रडते. मी तिला सांगतो की मरताना माणसाला साखरेपलीकडे कसली तक्रार नसावी, हे फार कमी जणांना मिळतं. तुझ्या डोळ्यांपुढे त्या वेळी कलकत्ता नव्हता. चहा होता. मला सुटल्यासारखं वाटतं ते यामुळे.

तेरवी झाली आणि दोन दिवसांनी माळावर तुझ्याकडे शिकलेले दोघं जण घरी आले. कारखान्याच्या टाकीतून पाण्याची लाइन आता रुआबांध्यापर्यंत आली आहे. पहिल्या ब्राऊनच्या जागी गवत लावायचं असं त्यांच्या मनात आहे. तो ब्राऊन तू घातलेला, म्हणून विचारायला आले होते. "आप लोगों को बुरा तो नहीं लगेगा?" एवढं बोलायला ते दोन पेले पाणी प्यायले. वर्षभरापूर्वी त्यांनी हे विचारलं असतं, तर मी त्यांना फाटकाबाहेर काढलं असतं. मी म्हणालो, "लगाइए."

ते गेल्यावर गिरजा बाहेर आली. "एवढ्या लवकर हो म्हनून टाकलं? दौलत काय म्हनला असता, काही इचार केला का?"

"केला. तो म्हनला असता, मुळं नीट दाबा, अन् धरेपर्यंत कोनी पाय नका ठेवू."

ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती. "असंच म्हनला असता तो," ती म्हणाली. "अन् मंग तुमाले म्हनला असता, गेटपास आनला का?"

उद्या सकाळी लावणार आहेत. तुझ्या टोळीतले लोक दुबीच्या जुड्या आणतील. गिरजा म्हणते, मुळं दाबायला तीही येणार. मी रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा मी सांगितलं, घरचं कार्य आहे. आणि ते खरं आहे.